'शिक्षक कोठे होते' या रकान्याबाबत

प्रति,
मा. उपनियंत्रक (पदव्युत्तर परीक्षा),
वैद्यकीय प्रशिक्षण-मानक मंडळ,
मल्लेश्वरम, बंगळूर.

(अर्जदाराने स्वतः आणून दिला. टपालाने पाठवण्याइतका अवधी नाही.)

विषय : एम.डी. (जनरल मेडिसिन) परीक्षेचे हॉल तिकीट रोखून धरल्याबाबत. तसेच त्याहून तातडीच्या एका विनंतीबाबत. दुसरी विनंती परिच्छेद ११ मध्ये आहे. वेळ कमी असल्यास साहेबांनी आधी तोच वाचावा.

संदर्भ : १) मंडळाची पुस्तिका, 'निवासी डॉक्टरांची प्रशिक्षण-मानके', कलम १४.
२) अर्जदाराचे दि. २ मार्च व दि. १६ मार्च १९९८ चे इंग्रजी अर्ज.
३) चौकशी समितीचा दि. ८ एप्रिल १९९८ चा शेरा.

महोदय,

अर्जदार डॉ. त्रिविक्रम हणमंतराव कडोलकर, वय २९, करुणोदय वैद्यकीय महाविद्यालय, यशवंतपूर, येथील मेडिसिन विभागात तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. तो आपल्यासमोर पुढील हकीकत सादर करतो.

१. अर्ज मराठीत लिहिला आहे, याबद्दल प्रथम क्षमा असावी. यामागे भाषेचा अभिमान वगैरे काही नाही. आधीचे दोन्ही अर्ज इंग्रजीत होते आणि नियमाप्रमाणे योग्य मार्गाने, म्हणजे विभागप्रमुखांच्या टेबलावरून, आपल्याकडे आले. त्या मार्गात विभागाचे टंकलेखक श्री. मंजुनाथ बसतात. अर्जदाराने लिहून दिले होते की, 'तीन वर्षांत सुई घालताना एकाही शिक्षकाने माझा हात पाहिलेला नाही.' आपल्याकडे पोहोचले ते असे की, 'शिक्षकांच्या अखंड मार्गदर्शनाबद्दल अर्जदार ऋणी आहे.' दुसऱ्या अर्जात तर अर्जदाराने दिलगिरीही व्यक्त केली असल्याचे त्याला मागाहून कळले. मंजुनाथांचा यात दोष नाही. त्यांनीच अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले, 'डॉक्टर, सर सांगतात ते मी टाइप करतो, मला माझी नोकरी आहे. तुम्ही तुमच्या भाषेत हातानं लिहा. मला वाचता यायचं नाही, सरांनाही यायचं नाही. सरी, ठीक आहे ना?' आपल्या कार्यालयाचे शिपाई श्री. आप्पाजी यांनी दुजोरा दिला की, 'आमचं सायेब निपाणीकडचं. मराठी कागद दिसला की आधी त्योच वाचत्यात, गावाकडनं पत्र आल्यागत.' अर्जदारही बेळगावकडचा. एवढ्या भांडवलावर हा अर्ज लिहिला आहे.

२. अर्जदाराची पहिली चूक ही की त्याने पुस्तिका वाचली.

मंडळाने ती १९९६ साली प्रत्येक विभागाला एक याप्रमाणे पाठवली होती. आमच्या विभागाची प्रत काचेच्या कपाटात, जुन्या ईसीजीच्या गुंडाळ्यांमागे, प्लास्टिकच्या वेष्टनात ठेवलेली होती. तपासणीच्या वेळी ती बाहेर काढून टेबलावर ठेवतात व तपासणी झाल्यावर परत आत ठेवतात. गेल्या वर्षी जूनमध्ये अर्जदाराला गुंडाळ्या शोधायला पाठवले असता त्याने ते वेष्टन फाडले. एका दुपारी उभ्या उभ्या त्याने ती संपूर्ण वाचली. तोपर्यंत त्याचे ठीक चालले होते.

३. कलम १४ साहेबांना पाठ असेल, तरी येथे उतरवतो. छातीतील, पोटातील व मणक्यातील पाणी काढताना पहिल्या दहा वेळा शिक्षकाने हातमोजे घालून शेजारी उभे राहावे. पुढच्या दहा वेळा त्याने खोलीत असावे. त्यानंतर निवासी डॉक्टराने एकट्याने करावे, परंतु दर सहा महिन्यांनी एकदा शिक्षकाने त्याचा हात पुन्हा पाहावा. यासाठी मंडळाने छापलेल्या लॉगबुकात 'शिक्षक कोठे होते' असा रकानाच आहे.

हा रकाना भरण्याची विभागाची एक रीत आहे. पानाच्या पहिल्या ओळीत 'शेजारी' असे लिहायचे आणि पान संपेपर्यंत खाली 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढायच्या. लॉगबुक रोज भरायचे नसते. ते तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत आठ-दहा जणांनी मिळून चार दिवसांत भरायचे असते, आणि पाचव्या दिवशी विभागप्रमुख एका बैठकीत सगळ्या पानांवर सह्या करतात. या सह्यांवाचून हॉल तिकीट मिळत नाही. त्या दिवशी विभागात इडली-वडा येतो. ही रीत कोणी लबाडी म्हणून करत नाही. पुढच्या मुलांचे वर्ष वाया जाऊ नये, या मायेपोटीच ती पडली आहे, हेही अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतो.

अर्जदाराने मात्र पुस्तिका वाचल्यापासून तो रकाना रोजच्या रोज भरला, आणि मागील दोन वर्षांचा वॉर्डातील नोंदींवरून खरा खरा उतरवून काढला. नमुन्यादाखल : 'जयनगरच्या क्लिनिकमध्ये.' 'म्हैसूरला, नात्यातील लग्नासाठी.' 'राउंडवर होते; "करून टाक" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले.' 'कँटीनमध्ये.' 'माहीत नाही.' छातीतील पाणी काढल्याच्या एकूण नोंदी एकशे चौऱ्याऐंशी आहेत. त्यात 'शेजारी' हा शब्द एकदाही नाही.

४. शिक्षकांना मानके ठाऊक नाहीत, असा अर्जदाराचा आरोप नाही. प्रत्येकाला ती ठाऊक आहेत. फक्त प्रत्येकाची वेगळी आहेत. विभागात पाच शिक्षक आहेत, त्यांपैकी तिघांना अर्जदाराने धीर करून विचारले.

विभागप्रमुख डॉ. रघुपती हे अर्जदाराच्या युनिटचे चीफ. त्यांच्या निदानापुढे अर्जदार मान तुकवतो. ते म्हणाले, 'माझ्या युनिटमध्ये झालं ते माझ्या देखरेखीखाली झालं. मी जयनगरला असलो म्हणून काय बिघडलं? उद्या काही झालं तर जबाबदार मीच ना?' यात खोटे काही नाही. काही झाले की ते सही करायला नेहमी येतात.

डॉ. पद्माकर मूळचे नागपूरचे, स्वभावाने मोकळे. ते म्हणाले, 'विहिरीत ढकलल्याशिवाय कुणी पोहायला शिकतं का रे? आमच्या कमरेला कुणी दोर बांधला होता?' अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणून दिले की, सर, येथे विहिरीत ढकलला जातो तो रुग्ण, विद्यार्थी काठावरच असतो. त्यानंतर पंधरा दिवस डॉ. पद्माकर अर्जदाराशी बोलले नाहीत.

डॉ. भाग्यलक्ष्मी या सहयोगी प्राध्यापक. त्यांच्या डब्यातले चित्रान्न खाऊन आमच्या विभागाच्या तीन पिढ्या डॉक्टर झाल्या. त्या म्हणाल्या, 'शंभर झाले की हात आपोआप बसतो. तुझे शंभर झाले ना? मग कशाला जिवाला घोर लावून घेतोस?' शंभर वेळा चुकीचे केले तर चूकच हातात बसेल, असे अर्जदाराच्या ओठावर आले होते. पण डबा त्यांचा होता.

५. अर्जदाराचे लॉगबुक पाहून जानेवारीत विभागात काय झाले, ते सविस्तर लिहीत नाही. डॉ. रघुपती ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारले, 'हे तू कोणासाठी लिहिलंस?' पुढील परिच्छेद हे त्याचे उत्तर आहे.

६. कस्तुराबाई, वय अंदाजे ५५, चिकोडीकडच्या. यशवंतपूरच्या मार्केट यार्डात लसूण निवडायचे काम करतात. गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या उजव्या छातीत क्षयामुळे पाणी भरले होते. ते काढण्याचे काम अर्जदाराने केले. शिक्षक कोठे होते : कँटीनमध्ये.

साहेब डॉक्टर नाहीत, म्हणून थोडे सोपे करून सांगतो. रुग्णाला पुढे वाकवून बसवतात आणि पाठीतून दोन बरगड्यांच्या मधून सुई घालतात. सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत जायला हवी, कारण खालच्या कडेच्या आडोशाला रक्तवाहिनी असते. हे वाक्य अर्जदाराला तेव्हाही पाठ होते, आजही आहे. पण कातडीखालची बरगडी काही दिसत नाही. बोटाला लागते आहे ती वरचीच कड, हे पुस्तक बोटाला सांगू शकत नाही. ते कोणीतरी आपले बोट त्या बोटावर ठेवूनच सांगावे लागते. अर्जदार हे काम आपल्या आधीच्या निवासी डॉक्टराच्या खांद्यावरून डोकावून शिकला. तो त्याच्या आधीच्याच्या खांद्यावरून शिकला होता. आणि अर्जदाराच्या खांद्यावरून पाहून आजवर अकरा जण शिकून गेले आहेत.

त्या दिवशी पिवळे पाणी आले आणि मग लाल आले. कस्तुराबाईंच्या छातीत रक्त साठले. नळी घालावी लागली, दोन बाटल्या रक्त द्यावे लागले, आणि नऊ दिवस अर्जदार त्यांच्या खाटेपासून हलला नाही. त्या वाचल्या. केसपेपरवर डॉ. रघुपतींनी लिहिले, 'अशी गुंतागुंत होऊ शकते, हे ज्ञात आहे.' ते बरोबर आहे. उत्तम हातालाही असे कधीतरी होते. परंतु हा तो 'कधीतरी' होता की अर्जदाराची सुई तीन वर्षे चुकीच्या कडेने जात आहे आणि बाकीचे एकशे त्र्याऐंशी नशिबाने वाचले, हे कोण सांगणार? अर्जदाराने विचारले. 'मनाला लावून घेऊ नकोस,' असे सगळ्यांनी सांगितले. तुझी सुई बरोबर जाते किंवा चुकीची जाते, असे कोणीच सांगितले नाही, कारण कोणी पाहिलेलेच नव्हते.

घरी जाताना कस्तुराबाईंनी अर्जदाराच्या टेबलावर निवडलेल्या लसणाची पुरचुंडी ठेवली आणि भरल्या वॉर्डात म्हणाल्या, 'डाक्टरअण्णा, तुमच्या हाताला गुण हाय. म्या मरत हुते, तुमी वाचीवलं.' ती पुरचुंडी आजही त्याच्या खणात आहे. लसणाला आता कोंब आले आहेत.

७. फेब्रुवारीत विभागाने अर्जदारावर एक उपकार केला. नवे कोरे लॉगबुक आणून दिले आणि रिवाजाप्रमाणे भर, आम्ही लगेच सही करतो, असे सांगितले. अर्जदार काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. घरी वडील हणमंतराव निवृत्त शाळामास्तर आहेत. पोरगा मे महिन्यात एम.डी. होणार हे त्यांनी गल्लीभर सांगून ठेवले आहे. अर्जदार नवे लॉगबुक भरायला बसला. वरच्या ओळीत 'शेजारी' आणि खाली खुणा, अशी चाळीस पाने त्याने भरली. एकेचाळिसाव्या पानावर कस्तुराबाईंची नोंद आली. त्या ओळीवर खूण ओढली की कँटीनमधले सर शेजारी येऊन उभे राहणार होते, आणि मग ते रक्त शिक्षकाच्या डोळ्यांदेखत, सर्व मानके पाळून आले, असे कायमचे ठरणार होते. अर्जदाराचा हात पुढे चालला नाही. ते अर्धवट लॉगबुकही सोबत जोडले आहे. त्यातील चाळीस पाने खोटी आहेत, याची नोंद घ्यावी.

८. येथून पुढची हकीकत अर्जदाराला लिहायला जड जाते, कारण यात दोष सर्वस्वी त्याचा आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या मंडळाने सर्व महाविद्यालयांना एक प्रश्नावली पाठवली होती. 'निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षण-मानकांबाबत शिक्षकांची समज' असा तिचा मथळा होता. प्रश्न वीस, गुण शंभर. प्रत्येक शिक्षकाने ती स्वतः भरायची होती. आमच्या विभागात पाच प्रती आल्या. डॉ. पद्माकर म्हणाले, 'अरे, ते पुस्तक तूच वाचलंयस ना? भरून टाक, सही करतो.' एकाच्या मागून पाचही प्रती अर्जदाराकडे आल्या. पुस्तिका वाचलेला विभागात दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे हे काम त्याच्याकडे येणे ओघानेच होते.

अर्जदाराने त्या पाचही भरल्या. एकच अक्षर दिसू नये म्हणून दोन निळ्या शाईने, दोन काळ्या शाईने आणि एक डाव्या हाताने भरली. त्याला ते काम आवडले होते, हेही कबूल करतो. निवासी डॉक्टराच्या शेजारी शिक्षकाने का उभे राहावे, या प्रश्नाला त्याने डॉ. भाग्यलक्ष्मींच्या नावाने लिहिले होते, 'कारण चूक झालेली विद्यार्थ्याला कळतेच असे नाही. ती पाहणारे दुसरे डोळे लागतात.' आमच्या विभागाला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. पाचही शिक्षकांना मिळाले. राज्यात पहिला नंबर आला व अभिनंदनाचे पत्र आले. ते काचेच्या कपाटावर चिकटवले आहे.

९. दि. ८ एप्रिल रोजी, हॉल तिकीट कशामुळे अडले हे पाहायला, आपली दोन सदस्यांची चौकशी समिती आली. अर्जदाराला आशा होती. समितीने त्याचे लॉगबुक एका बाजूला ठेवले आणि दुसऱ्या बाजूला एक फाइल उघडली. त्या फाइलीत त्या पाच प्रश्नावल्या होत्या. सदस्यांनी त्यातले उत्तर मोठ्याने वाचून दाखवले, 'ती पाहणारे दुसरे डोळे लागतात', आणि विचारले, ज्या बाईंना इतकी खोल समज आहे त्या तीन वर्षांत एकदाही तुमच्या शेजारी उभ्या राहिल्या नाहीत, यावर आम्ही विश्वास ठेवायचा का?

अर्जदाराने सांगितले की ते वाक्य त्याचे आहे. समितीने ती कबुली लिहून घेतली. मग शेरा दिला, तो असा : प्रश्नावल्या खऱ्या असतील तर अर्जदाराचे लॉगबुक खोटे आहे, सबब हॉल तिकीट देता येत नाही. प्रश्नावल्या अर्जदाराने भरल्या असतील तर त्याने मंडळाची फसवणूक केली आहे, सबब हॉल तिकीट देता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही अर्जदाराने स्वतःच खणलेल्या. एक तिसरी शक्यता अर्जदाराने सुचवून पाहिली, की प्रश्नावल्या त्याने भरल्या हेही खरे आणि लॉगबुकही खरे. सदस्य म्हणाले की तसा रकाना नाही.

१०. इतके होऊनही अर्जदार हॉल तिकिटासाठीच आपल्या पायाशी आला असता. पण गेल्या शनिवारी दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या.

सकाळी कस्तुराबाई परत दाखल झाल्या. औषधे चालू असूनही पाणी पुन्हा भरले आहे, फोटोत अर्धी छाती पांढरी दिसते. बोलताना त्यांना एका वाक्यात तीनदा थांबावे लागते. डॉ. रघुपतींनी राउंडवर कागदावर लिहिले, 'गुरुवारी पाणी काढावे, त्यापुढे नेऊ नये.' गुरुवार हा आमच्या युनिटचा ठरलेला वार. दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर हे काम करील, असे अर्जदार म्हणाला, तर कस्तुराबाईंनी त्याचा कोटच धरला. 'न्हाई डाक्टरअण्णा. तुमीच. तुमच्या हाताला गुण हाय. दुसऱ्या कुनाचा हात मला लागू द्यायचा न्हाई.' साहेब, ती दुसऱ्या वर्षाची मुलगीही अर्जदाराच्याच खांद्यावरून शिकली आहे. म्हणजे कोणीही सुई घातली तरी हात अर्जदाराचाच.

दुपारी मंडळाचे पत्र आले. गुरुवार दि. २३ एप्रिल रोजी मंडळाच्या सभागृहात शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा आहे. विषय : निवासी डॉक्टरांवरील देखरेख. राज्यात पहिला आलेला विभाग म्हणून मुख्य व्याख्यान डॉ. रघुपतींचे आहे आणि विभागातील पाचही शिक्षकांची उपस्थिती सक्तीची आहे. व्याख्यानासाठी प्रोजेक्टरवर दाखवायच्या पारदर्शिका करण्याचे काम अर्जदाराला दिले आहे. त्या तयार आहेत. पहिल्या पारदर्शिकेवर, डॉ. रघुपतींच्या सूचनेवरून, मोठ्या अक्षरांत एकच वाक्य लिहिले आहे : 'शेजारी उभे राहा.'

अर्जदार धावत डॉ. भाग्यलक्ष्मींकडे गेला. मॅडम, कार्यशाळेला अर्धा तास उशिरा जा, तेवढा वेळ माझ्याजवळ उभ्या राहा, एवढेच त्याने मागितले. त्या बराच वेळ डब्याचे झाकण लावत राहिल्या. मग म्हणाल्या, 'उभी राहीन रे त्रिविक्रम. पण तुझा हात चुकला तर मला कळेल का? माझा तरी कोणी पाहिलाय?' त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. बावीस वर्षे त्या शिकवत आहेत. ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, असे त्यांनी सांगितले होते. अर्जदार ती येथे सांगतो आहे आणि त्याची त्याला लाज वाटते. पण तेव्हा त्याला एक कळले. कोणी आळसाने कँटीनमध्ये बसत नाही. शेजारी उभे राहिले तर आपल्यालाही ठाऊक नाही हे उघडे पडेल, या भीतीने सगळे जरा लांब उभे राहतात. डॉ. रघुपती जयनगरपर्यंत लांब.

११. सबब विनंती अशी.

हॉल तिकिटाची मागणी अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे. विषयात ती पहिली लिहिली आहे, कारण लिहायला बसताना तीच पहिली होती. खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारत नाहीत, असे आप्पाजींनी सांगितल्यामुळे ती तशीच ठेवली आहे. फसवणुकीबद्दल मंडळ जी शिक्षा देईल ती अर्जदाराला मान्य आहे. वडिलांना तो काय सांगायचे ते सांगेल.

त्याऐवजी गुरुवारी सकाळी अकरा वाजता, मेडिसिन वॉर्ड, खाट क्रमांक १७ येथे, मंडळाने एक शिक्षक पाठवावा. कोणत्याही महाविद्यालयाचा चालेल, निवृत्त असला तरी चालेल. अट एकच, की त्याचा स्वतःचा हात कधीतरी, कोणीतरी शेजारी उभे राहून पाहिलेला असावा. एवढ्या मोठ्या बंगळूरमध्ये असा एक तरी असेल. त्याने व्याख्यान देऊ नये, काही लिहून घेऊ नये. अर्जदार बरगडीवर बोट ठेवील तेव्हा त्याच्या बोटावर आपले बोट ठेवून 'हो' किंवा 'नाही' एवढेच म्हणावे. 'नाही' म्हटले तर सुई त्याने घ्यावी, आणि अर्जदार त्या अकरा जणांना एकेक पत्र लिहील. त्यांचे पत्ते त्याने काढून ठेवले आहेत. त्यातला एक आता गुलबर्ग्याला आहे आणि त्याच्याही खांद्यावरून कोणी ना कोणी शिकतच असेल.

असा कोणीच सापडला नाही, तर निदान डॉ. भाग्यलक्ष्मींना कार्यशाळेतून सूट देणारी दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. दोघांनाही ठाऊक नसले तरी दोघे मिळून पुस्तक उघडे ठेवून पाहू. ते एकट्याने करण्यापेक्षा बरे.

साहेब, अर्जात 'अर्जदार' असे लिहायची पद्धत आहे म्हणून इतका वेळ तसे लिहिले. मला भीती वाटते. एकशे चौऱ्याऐंशी वेळा वाटली नाही, आता वाटते. ती बाई माझ्यावर विश्वास ठेवून पाठ वळवून बसणार आहे आणि तिच्या पाठीमागे मी एकटा असणार आहे.

उत्तरासाठी अर्जदार आज कचेरी बंद होईपर्यंत आपल्या व्हरांड्यातील बाकावर बसून आहे. उद्या व परवाही वॉर्डाचे काम संपवून येईल व तेथेच बसेल.

आपल्या होकाराच्या आशेवर असलेला,

(सही)
डॉ. त्रिविक्रम हणमंतराव कडोलकर
निवासी डॉक्टर, मेडिसिन विभाग
बंगळूर, सोमवार, दि. २० एप्रिल १९९८

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१. लॉगबुक, खरे. पाने १ ते ९६.
२. लॉगबुक, खोटे. पाने १ ते ४०. पान ४१ कोरे आहे.
३. अकरा डॉक्टरांची नावे व पत्ते.
४. पारदर्शिका क्रमांक १ ची नक्कल. मूळ प्रत डॉ. रघुपतींकडे दिली आहे.
५. कस्तुराबाईंचे संमतीपत्र, मूळ प्रत. अंगठा उठवलेला आहे. खाली 'देखरेख करणारे शिक्षक' या ओळीवर विभागाच्या रीतीप्रमाणे नाव आधीच टाइप केलेले होते, ते अर्जदाराने खोडले आहे. ती जागा आता रिकामी आहे. साहेबांनी तेथे एक नाव लिहून हा कागद बुधवारपर्यंत परत करावा. गुरुवारी सुई उचलण्यापूर्वी तो लागेल.